अकरा मेसेज आणि एक हात जोडल्याची खूण

ताई, मी २४ वर्षांची आहे. अप्लाइड आर्टची डिग्री घेऊन दोन वर्षं झाली. नाशिकला शेतीची औषधं बनवणाऱ्या एका कंपनीत डिझायनर आहे, आणि तिथे या कामाला मी एकटीच आहे. पाऊच, बाटल्यांची लेबलं, डीलरांची कॅलेंडरं, कृषी प्रदर्शनाचे फ्लेक्स, साहेबांच्या वाढदिवसाची पोस्ट, सगळं माझ्याच गळ्यात. माझं काम बघून बरं-वाईट सांगणारं कुणी नाही. मार्केटिंगचे साहेब एकच सांगतात, ‘जरा उठावदार करा.’ माझ्या वर्गातली मुलं मुंबई-बंगळुरूला एजन्सीत आहेत. त्यांच्या वर आर्ट डायरेक्टर आहे, ती चुका करतात आणि शिकतात. मी चुका करते आणि त्या छापून येतात. मेंटॉर मिळावा म्हणून मी अकरा नामवंत डिझायनरांना मेसेज केले. नऊ जणांनी उघडलेच नाहीत, एकांनी वाचून सोडून दिला, एकांनी हात जोडल्याची खूण पाठवली. आता इन्स्टाग्रामवर तीन महिन्यांचा एक ‘मेंटॉरशिप प्रोग्रॅम’ दिसतोय, फी ४५,००० रुपये. माझा पगार २२,०००. घेऊ का? आणि आमच्या कॉलेजचे एक सर म्हणतात, ‘माझी कामं कर, आपोआप शिकशील.’ त्यांना चार लोगो आणि एक ब्रोशर करून दिलं, पैसे मिळाले नाहीत. यालाच मेंटॉरिंग म्हणतात का? मेंटॉर मिळवायचा तरी कसा?

— एकटी डिझायनर, नाशिक

प्रिय एकटी,

तुझं पत्र तीनदा वाचलं. दोनदा तुझ्यासाठी आणि एकदा माझ्यासाठी, त्या अकरा जणांत मी नाही ना हे बघायला. नाहीये. पण असू शकले असते. न उघडलेल्या मेसेजचा माझ्याकडेही ढीग आहे आणि त्याबद्दल मला फार अभिमान वाटावा असं काही नाही.

तू पाठवलेला मेसेज सोबत जोडलास ते बरं केलंस. तो असा आहे : ‘सर, मी तुमच्या कामाची खूप मोठी फॅन आहे. तुमच्यासारखं काम करायचं माझं स्वप्न आहे. तुमचं मार्गदर्शन लाभलं तर माझं भाग्य समजेन. तुम्ही माझे मेंटॉर व्हाल का? पोर्टफोलिओची लिंक सोबत देत आहे.’

आता तू त्या माणसाच्या खुर्चीत बस. दुपारचे साडेतीन वाजलेत, चारला क्लायंटची मीटिंग आहे, आणि हा मेसेज येतो. ‘हो’ म्हणायचं तर कशाला हो? किती दिवसांसाठी? आठवड्याला फोन करायचा की महिन्याला? लिंक उघडली तर आत ३४ कामं. त्यातलं कुठलं बघायचं? ‘नाही’ म्हणायचं तर एवढ्या आदराने लिहिणाऱ्या मुलीला नाही म्हणणं जिवावर येतं. मग माणूस ‘नंतर बघू’ म्हणतो, आणि ते नंतर कधी येत नाही. ज्यांनी हात जोडले ते त्या अकरांतले सर्वांत सभ्य गृहस्थ असावेत. पुढे काय करायचं हे मात्र त्यांनाही सुचलेलं दिसत नाही.

यात तुझा एकटीचा दोष नाही. आपल्याकडे शिकवणाऱ्या माणसाच्या नात्याला गुरूचं वजन येतं. गंडा बांधायचा, नारळ ठेवायचा, मग विद्या मिळायची. गाण्यात ते चालत असेल. आपल्या धंद्यात शिकणं झालंय ते टेबलाच्या कोपऱ्यावर, समोर एखादं काम उघडं पडलेलं असताना. सुलेखनकार अच्युत पालवांचंच बघ. जे. जे. उपयोजित कला संस्थेतून बाहेर पडल्यावर ते मोडी लिपीच्या अभ्यासाला लागले. उल्का या जाहिरात संस्थेची शिष्यवृत्ती होती आणि मार्गदर्शनाला र. कृ. जोशी होते. हे तेच जोशी, ज्यांचा ‘मंगल’ फॉन्ट तुझ्या ऑफिसातल्या विंडोजमध्ये आहे आणि ज्याला तुम्ही मुलं नाकं मुरडता. (मुरडा. पण तो कॉम्प्युटरच्या पडद्यावर वाचता यावा म्हणून केला होता, लग्नपत्रिकेसाठी नव्हे.) मला यातली एक गोष्ट महत्त्वाची वाटते : त्या दोघांच्या मध्ये मोडीची पानं होती. बोलायला विषय होता. तुझ्या मेसेजमध्ये तू आहेस, ते सर आहेत, पण मध्ये टेबलावर काहीच ठेवलेलं नाही.

माझं सांगते. १९९६ साली मी पुण्यात नोकरीला लागून वर्षही झालं नव्हतं. एका शाळेचं ब्रोशर केलं, ५,००० प्रती. बारीक मजकुराचा काळा रंग मी चारही रंग मिसळून केला होता, कारण स्क्रीनवर तो छान गडद दिसत होता. ऑफसेट मशीनवर रजिस्टर, म्हणजे चार रंगांची एकमेकांवरची जुळणी, केसभर हललं आणि प्रत्येक अक्षराच्या कडेला गुलाबी-निळी सावली उमटली. वाचताना डोळ्यांत पाणी आल्यासारखं वाटायचं. चूक पूर्णपणे माझी. प्रेसमधल्या मशीनमन मामांनी मला बोलावलं, भिंग हातात दिलं, छापलेला ताव दाखवला आणि म्हणाले, ‘बाई, बारीक अक्षराचा काळा एकाच प्लेटवर ठेवायचा. स्क्रीनवर चार रंग एका जागी बसतात, माझ्या मशीनवर ते चार वेळा येतात.’ ओरडले नाहीत. त्यापुढे मी कुठलंही काम छपाईला जायच्या आधी त्याची फिल्म, म्हणजे पॉझिटिव्ह, घेऊन त्यांच्याकडे जायला लागले. शनिवारी दुपारी, मशीन धुवायला काढलेलं असायचं तेव्हा. ते दोन मिनिटं बघायचे, कधी नुसती मान हलवायचे, कधी बोट ठेवायचे. असं तीन वर्षं चाललं. माझे मेंटॉर व्हाल का, असं विचारलं असतं तर मामांनी मला चहा पाजून घरी पाठवलं असतं.

आता तुझ्या नोकरीकडे येते, कारण पत्रात तू तिच्याबद्दल ज्या सुरात लिहिलंयस तो मला पटला नाही. एजन्सीतले मित्र कॉफीच्या ब्रँडचं काहीतरी करतात आणि तू ‘नुसते पाऊच’ करतेस, असा सूर आहे.

पोरी, देवनागरीत याहून अवघड काम मला पटकन आठवत नाही. तळहाताएवढं पाऊच. त्यावर ब्रँडचं नाव, घटक, पिकं, मात्रा, सावधगिरी, विषबाधा झाल्यास काय करावं, उतारा, बॅच नंबर. तेही तीन भाषांत. शिवाय तो पतंगासारखा उभा चौकोन, खालच्या त्रिकोणात लाल, पिवळा, निळा किंवा हिरवा रंग. लाल म्हणजे अत्यंत विषारी, हिरवा म्हणजे त्या मानाने सौम्य, हे तुला माझ्यापेक्षा चांगलं माहीत असेल. वाचणारा माणूस शेताच्या बांधावर उभा, ऊन डोक्यावर, चष्मा घरी, हात ओले. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसच्या आसपास शेतकरी आणि शेतमजूर गेले. त्याची कारणं बरीच होती, ती सगळी लेबलावर ढकलण्यात अर्थ नाही. पण त्या दिवसांत मी एका कृषी सेवा केंद्रातून चार-पाच पाऊच मागून आणले आणि सावधगिरीच्या सूचना वाचायचा प्रयत्न केला. मला भिंग लागलं. तेच भिंग, मामांकडचं. निवृत्त होताना त्यांनी मला दिलं.

हे काम तू रोज करतेस. मेंटॉर कुठे शोधायचा, याचं उत्तर या कामातूनच निघतं. तुझं अडतं कुठे ते आधी लिहून काढ. ‘मला चांगली डिझायनर व्हायचंय’ असलं नको. माझा अंदाज सांगते, चुकला तर कळव. एक, सहा पॉइंटच्या, म्हणजे अगदी बारीक, मराठीत उकार आणि खालच्या ओळीची वेलांटी एकमेकांत घुसतात. दोन, स्क्रीनवर स्वच्छ दिसलेली बारीक अक्षरं पाऊचवर भरून जातात. तीन, साहेबांना ‘उठावदार’ हवं असतं तेव्हा त्यांना नेमकं काय हवंय ते तुला कळत नाही. चार, दहा उत्पादनं एका घरातली वाटावीत म्हणून काय ठरवायचं, हे कुणी शिकवलेलं नाही. या चार अडचणींना चार वेगवेगळी माणसं लागतील. अकरांतल्या एकाही नामवंताला या चारही गोष्टी येत असतील असं मला वाटत नाही. दुसरी मला स्वतःला फारशी येत नाही.

दुसरीचंच आधी घेऊ, कारण तो माणूस तुझ्या सर्वांत जवळ आहे. तुमचे पाऊच बहुतेक ग्रॅव्हुरवर छापले जात असतील. फिल्मवर उलटी छपाई, प्रत्येक रंगाला वेगळा सिलिंडर. त्या सिलिंडरवर बारीक खळगे कोरलेले असतात आणि शाई त्यांतून येते, म्हणून बारीक अक्षराची कड करवतीसारखी होते. त्यात तू तीन रंगांच्या पार्श्वभूमीतून पांढरं अक्षर काढलंस तर तिन्ही सिलिंडर अचूक जुळले तरच ते वाचता येणार. एवढं मला माहीत आहे. यापुढचं तुमच्या छापखान्यात प्री-प्रेसमध्ये, म्हणजे छपाईआधी फाइली तयार करायला, बसलेल्या माणसाला माहीत आहे. तू रोज त्याला फाइल मेल करतेस आणि त्याचा चेहराही बघितलेला नसेल. साहेबांना सांग, पुढच्या छपाईला मला मशीनवर जायचंय. कंपन्या सहसा नाही म्हणत नाहीत, कारण एक सिलिंडर पुन्हा करावा लागला की खर्च त्यांच्या खिशातून जातो. तिथे गेलीस की वही ने, आणि मागच्या सहा महिन्यांतले छापून आलेले पाऊच ने. त्याला विचार, ‘यातल्या कुठल्या फाइलने तुम्हाला सर्वांत जास्त त्रास दिला?’ हा प्रश्न कुठल्याही प्रिंटरला विचारून बघ. खुर्ची ओढून बसवतात.

आणि तू नाशिकमध्ये राहतेस! नाशिकरोडच्या मुद्रणालयात शंभरएक वर्षांपासून देशाची टपाल तिकिटं छापली जातात, शेजारी नोटा. तिथून निवृत्त झालेली माणसं तुमच्या जेलरोडला, उपनगरला संध्याकाळी कट्ट्यावर बसलेली असतात. आतल्या कामाबद्दल ती बोलणार नाहीत, बोलूही नये. पण कागद, शाई आणि बारीक रेघ यांवर त्यांना बोलतं करून बघ. ओळखीत कुणाचे तरी आजोबा सापडतीलच. मी तुझ्या जागी असते तर हा महिना तिथेच घालवला असता, असो.

पहिल्या अडचणीला, म्हणजे अक्षरांच्या, लांबचा माणूस चालेल. आधी घरचं बघून घे. इलस्ट्रेटरमध्ये मिडल ईस्टर्न अँड साउथ एशियन हा मजकुराचा पर्याय चालू आहे ना? इनडिझाइनमध्ये वर्ल्ड-रेडी कंपोझर? नसेल तर जोडाक्षरं फुटतात आणि वेलांट्या भलत्या अक्षराला जाऊन बसतात. अक्षरांमधलं अंतर वाढवून ओळ भरतेस का? शिरोरेखा तुटते, नको करू. जुना मजकूर श्रीलिपीसारख्या जुन्या मराठी फॉन्टमधून युनिकोडात आणलास की रफार आणि जोडाक्षरं एकदा मोठ्याने वाच. फॉन्ट हिंदीच्या वळणाचा ल आणि श देतोय की मराठीचा पाकळीचा ल आणि देठाचा श, तेही बघ. एक टाइप या मुंबईच्या मंडळींचे मुक्ता, बालू वगैरे फॉन्ट फुकट वापरायला मिळतात. मुक्ताची निरनिराळी वजनं, म्हणजे बारीक-जाड रूपं, सहा पॉइंटमध्ये छापून शेजारी शेजारी ठेव. हे सगळं करूनही जे अडेल, तो तुझा प्रश्न. तो घेऊन माणसाकडे जायचं. आय.आय.टी. मुंबईच्या आय.डी.सी. या डिझाइन शिकवणाऱ्या विभागाने २००८ पासून सुरू केलेला टायपोग्राफी डे, म्हणजे अक्षररचनेचा मेळावा, वेगवेगळ्या गावांत होत आलाय. अक्षरांत बुडालेली माणसं तिथे चहाच्या रांगेत उभी असतात आणि कुणी उकाराबद्दल विचारलं तर त्यांचा चहा गार होतो.

आता मेसेज. तुझाच मेसेज मी नव्याने लिहून देते, बघ :

‘नमस्कार सर. मी नाशिकला शेतीऔषधांच्या पाऊचची डिझाइनं करते. १०० ग्रॅमच्या पाऊचवर मराठी सूचना ६ पॉइंटमध्ये बसवाव्या लागतात आणि उकार खालच्या ओळीला भिडतात. दोन पर्याय करून बघितले. पहिल्यात फॉन्ट बदलून ओळींतलं अंतर वाढवलं, पण दोन ओळी बाहेर गेल्या. दुसऱ्यात मजकूर दोन रकान्यांत तोडला, पण ओळी फार आखूड झाल्या. दोन्हीचे फोटो जोडलेत, छापून काढलेले, शेजारी रुपयाचं नाणं ठेवून. तुम्ही यातला कुठला पुढे न्याल आणि का, एवढं दोन ओळींत सांगाल का? वेळ नसेल तर काही हरकत नाही.’

याला उत्तर द्यायला चार मिनिटं लागतात. दुसरं म्हणजे, हा मेसेज वाचताना माझ्यातल्या डिझायनरला राहवत नाही. नाणं बघून तर नाहीच. (फोटोत कंपनीचं नाव आणि बाजारात न आलेल्या मालाचं नाव झाकायचं. नोकरी जाईल अशी चूक शिकण्याच्या नादात करू नकोस.) आणि हा मेसेज अकरांना एकदम पाठवायचा नाही. ज्यांनी खरोखर बारीक मराठी मजकुराचं काम केलंय अशा दोघांना पाठव. त्यांतला एक तरी असा असू दे, जो तुझ्यापेक्षा पाच-सहा वर्षांनीच पुढे आहे. त्याला सहा पॉइंटचा त्रास ताजा आठवत असतो. माझ्यासारखीला तो आठवायला डोळे मिटावे लागतात.

उत्तर आलं तर खरी गंमत त्यानंतर सुरू होते. माझ्या तीस वर्षांत मी कित्येक मुलांना अशी दोन-दोन ओळींची उत्तरं दिली असतील. ‘थँक्यू मॅम’ सगळ्यांचं येतं. महिन्याभराने ‘तुम्ही सांगितलं तसं केलं, छापून आलं, हा फोटो, आता ओळी मोकळ्या झाल्या पण शीर्षक दुबळं दिसतंय’ असं लिहिणारी पाच-सहाच भेटली. त्या सगळ्यांना मी आजही फोन उचलते. त्यांतली एक आता माझ्याहून चांगलं पॅकेजिंग करते आणि मी तिला विचारते. कुणी आपल्या दोन ओळींचं खरंच काहीतरी केलं, हे कळल्यावर माणसाचा जीव गुंततो. तू पहिल्या मेसेजवर इतका विचार करतेयस. त्यातला निम्मा या दुसऱ्या मेसेजवर कर. आणि सांगितलेलं चुकीचं ठरलं तर तेही कळव. ‘सर, दोन रकाने केले, पण शेतकऱ्याला डावीकडचं आधी की उजवीकडचं, ते कळलं नाही.’ कुठलाही खरा कारागीर यावर रागावत नाही. रागावला तर तुझं एक नाव कमी झालं, शोध सोपा झाला.

‘कसं वाटलं?’ असं मात्र कुणाला विचारू नकोस. मराठी माणूस त्यावर ‘छान आहे’ म्हणतो आणि संपतं. ‘पहिल्यांदा नजर कुठे गेली?’ विचार. ‘कुठे अडखळलात?’ विचार. कृषी सेवा केंद्रात जाऊन गिऱ्हाइकाच्या हातात पाऊच दे आणि विचार, ‘काका, पंधरा लिटरच्या पंपाला किती टाकायचं?’ तो किती वेळ शोधतो ते मनात मोज. उत्तर मागच्या बाजूला तिसऱ्या परिच्छेदात असेल, तर तो दुकानदाराकडे बघेल आणि दुकानदार सांगेल. तसं झालं तर पाऊचवरची तुझी मात्रा कुणी वाचलेलीच नाही. तुझ्या साहेबांच्या ‘उठावदार’मागेही मला वाटतं हेच कुठेतरी आहे. फळीवर पन्नास पाऊच ओळीने लटकलेले असतात, त्यांत आपलं दिसत नाही ही त्यांची तक्रार. त्यांना डिझाइनची भाषा येत नाही, पण विक्रीची येते. त्यांना एक दिवस दुकानात सोबत घेऊन जा. साहेबही मेंटॉर ठरू शकतात, असं म्हटलं तर तू कपाळाला हात लावशील. लाव, पण जा.

वर्गमित्रांना विसरू नकोस. पाच जण जमवा, पंधरा दिवसांतून एक रात्र व्हिडिओ कॉल. प्रत्येकाचं एकच काम, दहा मिनिटं, आणि ज्याचं काम त्याने तोंड उघडायचं नाही. पहिल्या दोन वेळा फार कठीण जाईल. आपलं डिझाइन दुसऱ्याला समजावून सांगायची खोड तेव्हाच मोडते. पाऊचवर तू नसतेस ना समजावायला.

४५,००० चं उत्तर थोडक्यात देते. नको. आत्ता नको. सगळे पैसे घेणारे लबाड असतात असं नाही. काही जण मनापासून शिकवतात आणि त्यांना त्यांचा मोबदला मिळालाच पाहिजे. पण तुझा दोन महिन्यांचा पगार जातोय, तर निदान एवढं विचार : तीन महिन्यांत माझ्या एकटीच्या कामावर किती तास? बघणार ते स्वतः की त्यांची सहायक? आधीच्या मुलांची सुरुवातीची आणि शेवटची कामं दाखवाल का? पॅकेजिंग किंवा देवनागरी यांतलं त्यांनी स्वतः काय केलंय? पहिल्याच प्रश्नावर उत्तर गोल गोल यायला लागलं तर लिंक बंद कर. एडीपीलिस्ट नावाचं एक संकेतस्थळ २०२० मध्ये सुरू झालं, तिथे जगभरची अनुभवी मंडळी आपला थोडा वेळ फुकट देतात. अ‍ॅप आणि वेबसाइटवाल्यांचा भरणा जास्त आहे, संभाषण इंग्रजीत असतं. पाऊचसाठी तिथे फार काही हाती लागेल असं वाटत नाही, पण पोर्टफोलिओ कसा मांडायचा हे विचारायला चांगली जागा. ४५,००० मधले पाच-सात हजार बाजूला काढ. त्यात वर्षभराचे प्रिंटआउट, एक बरं भिंग आणि पंचवटी एक्स्प्रेसने चार वेळा मुंबईला जाऊन-येऊन एखाद्याला प्रत्यक्ष भेटणं, एवढं बसतं. फोनवर तासभर बोलण्यापेक्षा दहा मिनिटं एका टेबलावर वाकून बघण्याने जास्त होतं. जाताना लॅपटॉप नको, छापलेली कामं ने.

सरांचं लिहिताना माझा हात जरा जड होतोय. कारण असे सर मलाही होते आणि माझ्यावर त्यांचे उपकारही होते. तरी सांगते : चार लोगो आणि एक ब्रोशर, यातल्या एकावर तरी सर तुझ्याशेजारी बसून बोलले का? तू केलेल्या लोगोवर त्यांनी पेन्सिल चालवली का, कारण सांगून? पत्रात तसं काही नाही. त्यांनी क्लायंटकडून पैसे घेतले असतील तर ती तुझी मजुरी होती. शिकणाऱ्या माणसाने थोडं फुकट काम करू नये असं माझं मत नाही, पण मग समोरच्याने त्या कामावर आपला वेळ द्यायला हवा. पुढचं काम आलं की असं म्हण : ‘सर, नक्की करते. पण तीन स्केचेस झाल्यावर अर्धा तास तुमच्यासोबत बसायचंय, आणि क्लायंटचं काम असेल तर माझं मानधन आधी ठरवू या.’ नम्र आवाजात, पण एका श्वासात. सर हसून ‘बरोबर आहे’ म्हणाले तर तुला तुझा मेंटॉर मिळाला समज. ‘तुमची पिढी फार हिशोबी’ म्हणाले तर पाया पड आणि निघ. आणि मार्गदर्शन द्यायला कुणी रात्री घरी बोलवायला लागला, तर कामाचं टेबल ऑफिसात असतं एवढं लक्षात ठेव. जास्त सांगायला नको.

एक गोष्ट मात्र मान्य करते, कारण खोटा धीर देणं मला जमत नाही. यांतल्या कशालाच शेजारच्या खुर्चीत बसलेल्या वरिष्ठाची सर येत नाही. तो जाता जाता तुझ्या स्क्रीनकडे बघून ‘हे काय केलंस?’ म्हणतो, त्यातलं शिकणं मेसेजमधून मिळत नाही. तुझ्या वर्गमित्रांचा हेवा वाटतो तो रास्त आहे. म्हणून वर्षभर हे सगळं कर, पाऊचचं एक घराणं नीट उभं कर, पोर्टफोलिओतली ती ३४ कामं काढून आठ ठेव, प्रत्येकासोबत छापलेल्या मालाचा फोटो आणि काय अडलं होतं त्याच्या चार ओळी. मग अशा जागी अर्ज कर जिथे तुझ्या वर कुणीतरी आहे. मुलाखतीत पगाराच्या आधी विचार, ‘माझं काम रोज कोण बघेल? त्यांना भेटता येईल का?’ ज्या ठिकाणी या प्रश्नावर एकमेकांची तोंडं बघतात, तिथे तू पुन्हा एकटीच असशील, फक्त ऑफिसात वातानुकूलन बरं असेल.

त्या १०० ग्रॅमच्या पाऊचचे दोन पर्याय मला पाठव. पत्ता सदराच्या शेवटी असतो. रंगीत प्रिंट चालेल, पण छापून आलेलं पाऊच असेल तर उत्तम. आणि कृपा करून रिकामं पाठव. मागे एका मुलाने उत्साहात भरलेलं पाठवलं होतं, ते वाटेत फुटलं आणि आमचा कुरिअरवाला दोन दिवस शिंकत होता.

— तुझी ताई